महागाई भत्ता आहे, वेतन आयोग नाही

ऑस्ट्रेलियाचं केंद्रीय बजेट आलं की बहुतेक जण ‘बजेट पेपर क्रमांक २’ उघडतात. नवे निर्णय आणि त्यांचा पुढच्या वर्षांतला खर्च तिथे खात्यावार दिलेला असतो. पण जो नियम सरकारने जागचा हलवलाच नाही, तो या पेपरात दिसत नाही. बेकारांवरचा मोठा अन्याय अशाच एका नियमात दडलेला आहे.

जॉबसीकर, म्हणजे बेकार भत्ता, दर वर्षी २० मार्च आणि २० सप्टेंबरला वाढतो, पण फक्त ग्राहक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे. वृद्धांचं एज पेन्शनही त्याच दोन तारखांना वाढतं. तिथे मात्र दोन निर्देशांक तपासून जो जास्त तो धरतात आणि वर आणखी एक आधार असतो: एकट्या पेन्शनरची मूळ रक्कम पुरुषांच्या सरासरी साप्ताहिक कमाईच्या साधारण २७.७ टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत. पगार वाढले की पेन्शन वाढतं. बेकार भत्ता वाढत नाही.

आपल्याकडच्या सरकारी नोकरदाराला हे एका वाक्यात कळेल. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी मिळतो, पण वेतन आयोग कधीच बसत नाही.

किती फरक पडतो ते मांडून बघा. दोघांना आज १०० डॉलर मिळतात; पहिल्याचे किमतींना बांधलेले, दुसऱ्याचे पगारांना. किमती वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढतात, पगार साडेतीन टक्क्यांनी. वीस वर्षांनी पहिल्याचे सुमारे १६४ होतात, दुसऱ्याचे १९९. कुणी काही कापलं नाही, संसदेत मतदान झालं नाही, तरी पस्तीस डॉलर गेले. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ च्या दराने पंचावन्नच्या आतल्या, एकट्या, मूल नसलेल्या बेकाराला पंधरवड्याला मूळ ७९३.६० डॉलर मिळत होते, एकट्या पेन्शनरला पूरक रकमा धरून १,१७८.७०. दिवसाचे ५७ विरुद्ध ८४. घरभाडं दोघांनाही तेवढंच.

हा नियम अन्यायाचा आहे हे राजकारण्यांना पक्कं ठाऊक आहे. २०१४ च्या बजेटमध्ये ॲबट सरकारने पेन्शनही २०१७ पासून नुसत्या किमतींना बांधायचा प्रस्ताव आणला, तेव्हा एवढा विरोध झाला की पुढच्याच वर्षी तो सोडून द्यावा लागला. वृद्धांसाठी जे सहन झालं नाही ते बेकारांसाठी चालू राहिलं. १९९४ नंतर करोना येईपर्यंत बेकार भत्त्यात महागाईपलीकडची वाढ झाली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये पंधरवड्याला ५५० डॉलरचा पूरक भत्ता आला आणि रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. तो टप्प्याटप्प्याने काढून मार्च २०२१ अखेर बंद केला. मग मूळ भत्ता पंधरवड्याला ५० डॉलरने वाढवला, सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी ४०ने. दोन्ही वेळा रक्कम वाढवली, नियम तसाच ठेवला. म्हणजे दरी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रुंदावायला मोकळी. सरकारनेच नेमलेल्या आर्थिक समावेशन सल्लागार समितीने भत्ता पेन्शनच्या ९० टक्क्यांवर न्यायला सांगितलं होतं.

‘भत्ता वाढवला तर लोक काम करणार नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी आधी कपातीचा हिशोब करावा. भत्ता घेताना थोडं काम केलं तर पंधरवड्याला १५० डॉलरपर्यंतची कमाई माफ असते. १५० ते २५६ मधल्या प्रत्येक डॉलरमागे भत्त्यातून ५० सेंट कापतात, त्यापुढे ६० सेंट. कुणी ३०० डॉलर कमावले तर ५३ अधिक २६.४०, म्हणजे ७९.४० कापले जातात. काम करणाऱ्याच्या हातून पैसा निसटतो तो इथे. माफीची मर्यादा वाढवा, काम आपोआप परवडेल. शिवाय अर्ज करताना एकट्या माणसाकडे साडेपाच हजार डॉलरची रोकड किंवा बचत असली, तर आधी १३ आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. नोकरी गेल्यावर पहिलं संपवायचं काय, तर शिल्लक! मोटार बिघडली की मुलाखतीला जायचं कशाने, याचं उत्तर त्या नियमात नाही.

पैसे नाहीत, हेही पटत नाही. जुलै २०२४ च्या करकपातीची मूळ आखणी अल्बानीझी सरकारने बदलली, ते चांगलंच केलं: ४५ हजार कमावणाऱ्याला आधी काहीच मिळणार नव्हतं, आता वर्षाला ८०४ डॉलर मिळतात. पण दोन लाखवाल्याला त्यानंतरही ४,५२९ मिळाले. २०२३ ची ४० डॉलरची वाढ वर्षाला होते १,०४०.

मेलबर्न-सिडनीत नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं. जानेवारी २०१९ पासून नव्या कायम रहिवाशाला, काही अपवाद सोडले तर, जॉबसीकरसाठी चार वर्षं थांबावं लागतं. त्याआधी ही अट दोन वर्षांची होती. तेवढा काळ घर चालेल अशी तजवीज हातात हवी.

पुढच्या बजेटमध्ये भत्ता वाढल्याची बातमी आली, तर डॉलरचा आकडा नंतर बघा. आधी शोधा, त्या निर्णयात ‘सरासरी कमाई’ हे शब्द आहेत का.