मुक्तिनाथच्या वाटेवर पाण्याची बाटली कुठे भरायची

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आम्ही नऊ जण नेपाळमधल्या मुक्तिनाथच्या यात्रेला निघालो तेव्हा सामानात खाखऱ्याची २२ पाकिटं, दोन डबे लीलो चिवडा, ठेपले आणि आल्याच्या वड्या होत्या. पाण्याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. नेपाळला तर जायचंय, त्याला काय परदेश म्हणायचं, असा एकूण सूर. मतदार ओळखपत्र चालतं, पाट्या देवनागरीत, जेवायला डाळभात. थायलंडला गेलो असतो तर पहिल्या घोटापासून जपून राहिलो असतो. इथे घरच्यासारखं वाटलं आणि तिथेच फसलो.

मार्ग असा: बडोद्याहून रेल्वेने गोरखपूर, पुढे सोनौलीची सीमा, बुटवलवरून बसने पोखरा, मग जीपने बेनी, तातोपानी, जोमसोम करत मुक्तिनाथ. येताना काठमांडू. पोखरा ते जोमसोम विमानही आहे, वीसेक मिनिटांचं. पण ते सकाळीच उडतं, कारण दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो. हवा बिघडली की अडकून पडावं लागतं, म्हणून आम्ही जीप धरली.

बुटवलच्या पुढे घाटात जेवायला थांबलो. टेबलावर स्टीलचा जग आला. आमच्या भावोजींनी विचारलं, "फिल्टरचं आहे ना?" पोरगा हसून हो म्हणाला. भावोजींनी दोन पेले घेतले, वर कच्च्या मुळ्याची बशी संपवली. दुसऱ्या रात्री पोखऱ्यात त्यांना जुलाब सुरू झाले आणि दीड दिवस खोलीत गेला. फेवा ताल, म्हणजे तिथलं तळं, आम्ही पाळीपाळीने पाहिला. दोष पाण्याचा की मुळ्याचा, हे अजून ठरलेलं नाही. नणंद म्हणते पाण्याचा, भावोजी म्हणतात मुळ्याचा.

औषधाच्या दुकानात ओआरएस मागितलं तर दुकानदाराने "जीवनजल" लिहिलेलं पाकीट दिलं. तिकडे हेच नाव चालतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवायचं, आणि ते पाणीही उकळलेलंच हवं. घाईत तेवढंच विसरायला होतं. ताप किंवा रक्त दिसलं, लघवी कमी होऊन गडद झाली, तर पाकिटावर भागवू नका, डॉक्टर गाठा.

तिथून पुढे मी पाण्याचा ताबा घेतला. पहिली गोष्ट म्हणजे तीन शब्द पाठ केले. "पिउने पानी" म्हणजे प्यायचं पाणी, "उमालेको पानी" म्हणजे उकळलेलं आणि "तातो पानी" म्हणजे नुसतं गरम. शेवटच्या दोहोंतला फरक नीट समजून घ्या. नणंदेने एका लॉजमध्ये घसा दुखतोय म्हणून तातो पानी मागितलं, तर तिच्यापुढे आंघोळीची बादली आली. ते पोरगं चुकलं नव्हतं. कोमट किंवा गिझरचं पाणी गरम असलं तरी उकळलेलं नसतं. वाटेतलं तातोपानी गाव तर गरम पाण्याच्या झऱ्यावरूनच नाव मिळवून बसलंय. तिथे पाय शेकावेत, बाटली भरू नये. आणि "फिल्टरको पानी" या शब्दावर विसंबू नका. फिल्टर कुठला, त्याची कांडी शेवटची कधी बदलली, हे जेवण वाढणाऱ्या पोराला कुठून ठाऊक असणार?

दुसरी गोष्ट, पोखऱ्यात विजेची लहान किटली घेतली. खरं तर ती घरूनच न्यायला हवी होती, कारण वीज आपल्यासारखीच आहे आणि आपली पिनही बहुतेक ठिकाणी बसते. पाणी खळखळून उकळलं की सपाटीला एक मिनिट पुरे. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. मुक्तिनाथ सुमारे ३७०० मीटरवर, म्हणजे तिथे साधारण ८८ अंशांनाच उकळी फुटते. जंतू मरायला तेवढी उष्णता पुरते, पण वेळ थोडा जास्त द्यायचा. आपोआप बंद होणाऱ्या किटलीचं बटण म्हणूनच पुन्हा दाबावं लागतं. लॉजमध्ये आधी विचारा, काही ठिकाणी किटली लावू देत नाहीत. तिथे थर्मास भरून उमालेको पानी विकत मिळतं, आणि वर जावं तसा भाव चढतो. त्यावर कुरकुर करू नका, तो गॅसही खालून वर आणलेला असतो. आम्ही रात्री गरम पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरून पांघरुणात घ्यायचो. पायही शेकायचे आणि सकाळी प्यायला पाणी तयार.

वीज नसेल तर क्लोरीन. पोखऱ्याच्या दुकानात "पीयूष" नावाची छोटी बाटली मिळाली. नाव ऐकून सासूबाईंना केशर घातलेलं पीयूष आठवलं, वास घेऊन मात्र त्यांनी नाक मुरडलं. थेंब किती ते बाटलीवर दिलेलं असतं. मिसळल्यावर अर्धा तास थांबायचं, पाणी फार थंड असेल तर त्याहून जास्त. गढूळ पाणी आधी सुती फडक्यातून गाळायचं, नाहीतर औषध गाळावरच खर्च होतं. क्लोरीनला दाद न देणारे काही जंतू असतात, म्हणून शक्य तिथे उकळलेलंच बरं.

विकतची बाटली घेतली तर झाकणाखालची कडी तुटल्याचा आवाज यायला हवा. नाही आला तर परत करा. रिकामी बाटली पिळून टाका, म्हणजे कुणी ती पुन्हा भरणार नाही. अन्नपूर्णा परिसरात काही गावांमध्ये ओझोनने शुद्ध केलेलं पाणी आपल्या बाटलीत भरून देणारी केंद्रं आहेत. ती उघडी असतात तेव्हा सोय उत्तम, प्लॅस्टिकही वाचतं.

ज्येष्ठांसाठी वेगळं सांगते. जीपचा रस्ता लांब, आडोसा मिळेलच असं नाही, म्हणून आमच्याकडच्या बायका मुद्दाम पाणी कमी पीत होत्या. एवढ्या उंचीवर कोरड्या हवेत ते अंगाशी येतं. डोकं दुखायला लागलं की उंचीमुळे की तहानेमुळे, तेही कळत नाही. ड्रायव्हरला दर दीड तासाने थांबायला आधीच सांगून ठेवा, आणि लाजू नका.

मुक्तिनाथला खरा पेच आला. देवळामागे अर्धवर्तुळात १०८ धारा, बर्फासारखं पाणी. हे आणि भावोजी सगळ्या धारांखालून पळत गेले. ओठ निळे पडले, पण तोंड घट्ट मिटलेलं होतं. सासूबाईंचं वय ७४. त्या तीर्थ पिणारच, हे आम्ही गृहीत धरलं होतं आणि कसं अडवायचं यावर रात्रीच खल झाला होता. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावरून फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघतेस काय? गंगेचा गडू देवघरात पन्नास वर्षं आहे. प्यायलीस कधी? बाटली दे इकडे." आमचा रात्रभरचा खल फुकट गेला.

वरच्या झऱ्यांचं पाणी नितळ दिसतं हे खरं. पण त्याच्याही वर गुरं आणि खेचरं चरत असतात, आणि ती खालून दिसत नाहीत.

काठमांडूत दोनच दिवस होतो. शेजारच्या पाटण शहरात (आपलं गुजरातचं नव्हे) दरबार चौकाशेजारी मंगा हिटी आहे, दगडी पायऱ्या उतरून गेलं की मगरमुखी धारा. शेकडो वर्षं जुनं काम. शेजारच्या बाया कळशा भरत होत्या. बघायला जरूर जा, पण अशा धारांचं पाणी न उकळता पिऊ नका. काठमांडूला पाणी पुरवण्यासाठी मेलम्ची नदीपासून २६ किलोमीटरचा बोगदा काढलाय. २०२१ साली पाणी आलं आणि त्याच वर्षीच्या पुराने तिथलं काम उखडलं. त्यामुळे टँकर आणि निळे जार अजून दिसतात. जारचं पाणीही आम्ही किटलीतून काढूनच प्यायलो.

राहता राहिली पाणीपुरी. बडोदेकर माणूस पाणीपुरीच्या गाडीपुढून सरळ चालत गेला तर त्याला ताप आलाय असं समजावं. पण २०२२ च्या जूनमध्ये पटकीचे रुग्ण सापडल्यावर ललितपूर, म्हणजे पाटणच्याच, महानगरपालिकेने पाणीपुरी विकायलाच बंदी घातली होती. हे सांगितल्यावर भावोजी निमूटपणे वाफवलेल्या मोमोंकडे वळले. सोबतची चटणी मात्र त्यांनी खाल्लीच.

विमानाने परतणार असाल तर तीर्थाची बाटली मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत १०० मिलीलिटरच्या वर असेल तर काढून घेतात. आम्ही रेल्वेनेच आलो. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी मांडवीजवळच्या कंसाऱ्याकडून नवा तांब्याचा गडू आणवला, बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि तोंड झाळून घेतलं. आता देवघरात दोन गडू आहेत.