पासपोर्टचं दहावं वर्ष निम्मंच धरा

पासपोर्टवर छापलेल्या मुदतीच्या तारखेपर्यंत फिरता येतं, हा समज आधी सोडा. थायलंड, सिंगापूर, यूएईमध्ये उतरताना किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. म्हणजे ३१ मार्चला संपणाऱ्या पासपोर्टवर ऑक्टोबरात बँकॉकला जाता येत नाही. युरोपातल्या शेंगेन (सामाईक व्हिसाच्या) देशांचा हिशेब वेगळा: तिथून निघायच्या तारखेनंतर ३ महिने मुदत, २ कोरी पानं आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला. अडवणूक बहुधा मुंबई विमानतळावर चेक-इनलाच होते, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं. तिथे विनवण्यांचा उपयोग नाही.

मुलांचे पासपोर्ट आधी तपासा. ते बहुधा ५ वर्षांचेच असतात, आणि आईवडिलांची मुदत भरपूर असताना नेमकं मुलाचं तिकीट वाया जातं.

मुदत वाढवून मिळत नाही, नवी पुस्तिकाच निघते; म्हणून फॉर्ममध्ये ‘री-इश्यू’ निवडायचं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हाच करावा. प्रौढांसाठी ३६ पानांना १,५०० रुपये, ६० पानांना २,०००. तत्काळला वर आणखी २,०००. वारंवार जाणाऱ्यांनी ६० पानंच घ्यावीत, कारण नंतर पानं जोडून मिळत नाहीत.

खरा घोळ पत्त्यात होतो. ठाण्यातल्या घोडबंदरहून नवी मुंबईत ऐरोलीला राहायला गेला असाल, तर आधी आधारवरचा पत्ता बदला, मग अर्ज भरा. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात असले तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. खारघर-पनवेल तर रायगड जिल्ह्यात, आयुक्तालय मात्र तेच. सध्या राहता त्या घराचंच पोलीस ठाणं निवडा. चुकलं की पडताळणी लांबते. अपॉइंटमेंट मात्र देशातल्या कुठल्याही पासपोर्ट सेवा केंद्राची घेता येते, त्यामुळे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या केंद्राला तारीख नसेल तर दुसरीकडे बघा.

केंद्रात जुना मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती न्या. जुना रद्द करून परत देतात, तो जपून ठेवा. त्यात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. नव्या पुस्तिकेचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे जुन्या नंबरावर काढलेला ई-व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका. तिकिटावरचा नंबरही बदलून घ्या.