घरी शिवणकाम करून भागतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

ब्लाऊजचं माप देता देता बायका हमखास विचारतात, "वहिनी, घरच्या घरी तुमचं एवढं कसं चालतं? आम्ही काही सुरू केलं की दोन-चार महिन्यांत बंद पडतं." विचारणाऱ्यांत कुणाला पापड-चटण्यांचं करायचं असतं, कुणाला शिकवण्या घ्यायच्या असतात, बऱ्याच जणींना शिवणकामच. तोंडात टाचण्या आणि हातात टेप असताना नीट उत्तर देता येत नाही. म्हणून आज बसून लिहिते. सांगलीच्या गावभागातल्या दोन खोल्यांच्या घरात माझं शिवणकाम चालतं. मला माहीत आहे ते तिथलंच.

आधी एक सांगते. काम मिळत नाही म्हणून घरातले धंदे बंद पडतात, हे मला पटत नाही. गळा नीट बसवणारी आणि दिलेल्या दिवशी कपडा हातात ठेवणारी बाई सापडली की बायका आपणहून दुसऱ्या चारजणींना सांगतात. धंदा अडतो तो पैशांवर आणि तारखांवर. ही दोन्ही लोकांकडून नीट घेता आली तर घरातून पोट भरतं, नाही आली तर हातात कितीही कला असू दे.

पैशांचं बघा. अस्तराचा साधा ब्लाऊज घ्या. अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. मग मापाच्या ब्लाऊजवरून आखणी, कातरणं, टक्स, बाह्या, मुंढा, गळ्याची पट्टी, शेवटी हुक आणि हातशिलाई. हात बसलेल्या बाईलाही यात तीन तास जातात. माझा आजचा दर ३५० रुपये. अस्तर, हुक, दोरा मिळून ८० वजा केले की २७० उरतात, म्हणजे तासाला ९०. आता शेजारची म्हणते, "ओळखीत दीडशे घे गं." दीडशेत शिवला तर हातात ७० राहतात, तासाला तेवीस-चोवीस रुपये. हा हिशोब मी कागदावर लिहून समोर ठेवते. बहुतेक बायका समजून घेतात, कारण त्यांनीही कुठे ना कुठे असंच फुकटात केलेलं असतं.

"दुकानाचं भाडं तर नाही ना तुम्हाला," हे दुसरं. नाही, भाडं नाही. पण घराची पुढची खोली कामाला गेली आहे. मुलं आतल्या खोलीत अभ्यास करतात, आणि रात्री गाद्या घालायच्या आधी फरशीवरून लोहचुंबक फिरवून टाचण्या गोळा कराव्या लागतात. दुकानाचं भाडं वाचत असेल तर ते माझं वाचतं, ते गिऱ्हाइकाला सूट म्हणून देण्याचं काही कारण नाही. नव्याने सुरू करणाऱ्या सगळ्याजणींना मी हेच सांगते: बाजारातल्या बऱ्या दुकानाचा दर काय आहे तो विचारून या आणि त्याच्या आसपास राहा. अगदी खाली गेलात तर स्वस्तातलीच गिऱ्हाइकं जमतात, आणि एकदा खाली आणलेला दर वर न्यायला फार त्रास होतो.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते शिवून तयार असलेल्या आणि कुणी न नेलेल्या कपड्यांत. लग्नाआधी घाईने टाकतात, लग्न दुसऱ्याच साडीवर पार पडतं, आणि ब्लाऊज आमच्या कपाटात लोंबकळत राहतो. यावर एकच उपाय लागू पडला: माप घेतानाच अर्धे पैसे. स्टेशनरीच्या दुकानात दुहेरी पावतीपुस्तक मिळतं, ते आणलं. एका पावतीवर नाव, तारीख, गळ्याची खोली, बाहीची लांबी, जमा किती, बाकी किती. कापडाचा नखाएवढा तुकडा स्टेपलरने पावतीलाच लावायचा आणि तोच नंबर चिठ्ठीवर लिहून कापडाला सेफ्टी पिनने अडकवायचा. तुकडा लावल्यापासून "माझं कापड हे नव्हतंच" हा वाद उरला नाही. आणि पावती फाडली की समोरच्या बाईचं बोलणंही बदलतं. मग ती "जमेल तेव्हा दे" म्हणत नाही, तारीख विचारते.

नात्यातल्या कामाचं अवघड असतं, हे मान्य. भाचीच्या लग्नातला ब्लाऊज मी आहेर म्हणून शिवते, आणि आहेर आहे असं सांगूनच हातात देते. एरवी नणंद असो की जाऊ, पावती होते. सुरुवातीला जरा बोलणं झालं. आता नणंदच आपल्या मैत्रिणींना घेऊन येते आणि पर्समधून अर्धे पैसे आधी काढते.

तारखांसाठी भिंतीवर कॅलेंडर आहे. दिवसाला किती कपडे निघतात ते ठरलेलं असतं, तेवढे चौकोनात लिहून झाले की तो दिवस भरला. दसऱ्यानंतर दिवाळीचं काम घ्यायचं नाही. लगीनसराईत नको म्हणणं जिवावर येतं, पण घेतलेलं काम वेळेत न देण्यापेक्षा नको म्हटलेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं, हे मी बघितलंय. दारावर वेळेची पाटी आहे, सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधला वेळ मशीनचा. घरात असते म्हणजे मोकळी असते, असं धरून रात्री नऊला पिशवी घेऊन येणाऱ्यांना ती पाटी परस्पर उत्तर देते.

घरच्यांचं काय, हे सगळ्याजणी आवाज खाली करून विचारतात. आमच्या सासूबाईंना सुरुवातीला गिऱ्हाइकांची ये-जा आवडत नव्हती. पण हुक आणि हातशिलाईला त्यांचा हात माझ्यापेक्षा बारीक. मी म्हटलं, "आई, हुकाचं काम तुम्ही करा, ब्लाऊजमागे वीस रुपये तुमचे." आठवड्याचे पैसे शनिवारी त्यांच्या हातात जातात, त्या त्यांच्या डब्यात ठेवतात आणि कुणाला हिशोब देत नाहीत. तेव्हापासून दुपारी कुणी उगाच गप्पा मारायला आलं तर त्याच सांगतात, सुनेचं काम चाललंय. घरातल्या माणसाकडून मदत घेतली तर तिचे पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. मुलाने पिशव्या पोचवल्या तरी.

आता कागदांचं. हे मी पुरानंतर शिकले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी गल्लीत शिरतंय म्हटल्यावर आम्ही आधी गिऱ्हाइकांच्या पिशव्या पावत्यांसकट शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर नेल्या. मग मशीन. बिजागरीचे स्क्रू सैल केले की मशीनचं डोकं टेबलापासून सुटतं. ते चादरीत गुंडाळून नेलं. टेबल, स्टँड आणि मोटर खालीच राहिली. पाणी उतरल्यावर टेबलाचा प्लाय फुगून पापुद्रे सुटले होते आणि पायडल गंजून जाम. गौरी-गणपती दोन-तीन आठवड्यांवर आले होते, तो हंगाम गेला. पंचनाम्याला आलेल्यांनी घर म्हणून नोंद केली. धंद्याचंही नुकसान झालं म्हटल्यावर धंद्याचा कागद मागितला. माझ्याकडे त्या वेळी पावतीपुस्तक सोडून दाखवायला काही नव्हतं. घर बुडालं की दुकानही बुडतं, आणि कागदावर मात्र दुकान नसतंच, ही आपल्यासारख्यांची खरी अडचण आहे. याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगते, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. आधार आणि पॅन हाताशी असलं की सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला फी नाही. पैसे मागणारा भेटला तर तो मधला माणूस आहे असं समजा. बँकेत कर्जासाठी जाताना हाच कागद पुढे करता येतो. खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी लागतेच. तिचा १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा असतो. शिवाय धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. किराण्याचे आणि शिलाईचे पैसे एकाच पाकिटात असले की महिन्याला काय उरलं ते कधीच कळत नाही.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच मिळते आणि घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. चौकशी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये करा. व्हॉट्सॲपवर फिरणारे मोफत शिलाई मशीनचे फॉर्म भरू नका, त्यांतले कितीतरी खोटे निघालेत. तीच गोष्ट "घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार" अशा जाहिरातींची. काम देणारा आधी नोंदणीचे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एका अडचणीवर मला अजून पुरता उपाय मिळालेला नाही, ती म्हणजे शरीर. मान आणि डोळे. खुर्ची उंच केली, मशीनवर पांढरा दिवा लावला, काळ्या कापडाचं काम दिवसाउजेडीच करते. पण आजारी पडलं की त्या आठवड्याची कमाई शून्य, आणि पगारी रजा आपल्याला कुणी देत नाही. म्हणून दर महिन्याला आवर्ती ठेवीत पैसे जातात, लगीनसराईत जास्त, आषाढात कमी. त्या पैशांना मशीन बिघडलं तरच हात लावायचा किंवा मी आजारी पडले तर.

परवा एकीने विचारलं, हातात पाचेक हजारच आहेत, सुरुवात कशाने करू? फॉल लावण्यापासून करा. त्याला कातरकाम लागत नाही, कापड बिघडण्याची भीती कमी. सुती फॉल लावण्याआधी भिजवून इस्त्री करा, म्हणजे नंतर साडीच्या काठाला गोळा येत नाही. टाका बारीक घाला, दोरा काठाच्या रंगाचाच घ्या. त्यात हात बसेपर्यंत घरातल्या जुन्या साड्यांवर ब्लाऊजची कटिंग शिकत राहा. जुनं पायमशीन मिळालं तर चांगलंच, पण विकत घेण्याआधी एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही कापडांवर टाका मारून बघा. खालचा दोरा सैल पडत असेल तर बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, झिजलेली असू शकते, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. कळत नसेल तर मला सांगा, दुपारी एकनंतर मी येते तुमच्याबरोबर मशीन बघायला.