काटा 80 वर अडला

युटामधल्या ग्रीन रिव्हर गावातून आय-70 महामार्गाने पश्चिमेला निघालं, की पुढचे सुमारे 110 मैल ना पेट्रोल पंप, ना वस्ती. म्हणजे पुणे-कराडहून जरा जास्तच अंतर, आणि मध्ये चहाचं खोपटंसुद्धा नाही. त्या रस्त्याच्या तोंडाशी, नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर, ऑगस्टअखेरच्या एका सकाळी आमच्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, ब्रेकच्या हवेचा काटा 80 वर अडून बसला.

गाडी 38 फुटी, डिझेल इंजिन मागच्या टोकाला, आम्ही तिचे तिसरे मालक. वजन भरलेल्या एस.टी.च्या तोडीचं, आणि कोलोरॅडोत ती चालवायला लायसन्स मात्र साध्या मोटारीचंच चालतं. मला याची अजूनही धास्ती वाटते. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. हवा पुरती भरल्याशिवाय गाडी फलाटावरून हलत नाही, हे मी अक्षरओळख व्हायच्या आधी शिकले.

खरं तर खूण आदल्या दिवशीच मिळाली होती. डेन्व्हरहून निघून आयझेनहॉवर बोगदा ओलांडला. तो 11,158 फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नकडचा उतार सुरू झाला. इंजिन ब्रेक होताच, पण माझ्या नवऱ्याला, मंदारला, अधूनमधून पायही दाबावा लागत होता. ब्रेकच्या हवेतली ओल काढायला ड्रायर असतो. हवा पूर्ण भरली की तो आत साठलेलं पाणी बाहेर फेकतो. तेव्हा ‘फुस्स’ होतं, काही सेकंद बारीक सूं येते आणि मग गप्प. त्या दिवशी ती सूं लांबत होती. ग्रँड जंक्शनला डिझेल भरताना मला ती नीट ऐकू आली. बोलले नाही. मंदार सकाळपासून चालवून थकला होता, आणि ‘काहीतरी आवाज येतोय’ हे वाक्य आमच्या घरात फार वेळा म्हटलं गेलंय.

सकाळी इंजिन सुरू केलं तेव्हा ब्रेकच्या दोन टाक्यांचे दोन्ही काटे तळाला. त्याचं नवल नव्हतं. या गाडीची हवा रात्रीतून उतरते, मागची बाजू जराशी बसते. हवा कमी असल्याचा बझर वाजत राहिला, 60 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) पुढे थांबला. 70 झाले, 75 झाले. 80 ला काटे थबकले. मंदारने इंजिनचा वेग वाढवला, दोन आकडे चढले. पाय सोडला, उतरले. एरवी हवा 125 च्या आसपास जाते आणि मग हवा भरणारा कॉम्प्रेसर विसावा घेतो.

मंदारचा संशय सस्पेन्शनवर. रात्री गाडी बसते म्हणजे मागचे हवेचे फुगे गळत असणार. तो साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन चाकाशी गेला. एका जोडावर खरोखरच बुडबुडा आला. त्याने पाना फिरवला, बुडबुडा थांबला आणि स्वारी खूश. काटे 80 वरच.

मी अप्पांना, माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात रात्रीचे साडेआठ, जेवण उरकलेलं.

“किती हवा धरते?”

“ऐंशी. म्हणजे तुमच्या हिशेबात साडेपाच किलो.”

“इंजिन बंद कर. ब्रेकला पाय लावू नका. एक मिनिट काटा बघ.”

आम्ही बघितला. एक मिनिट झालं, दोन झाली. काटे जागच्या जागी.

“मग टाकीतून कुठं जात नाही ती,” अप्पा म्हणाले. “टाकीपर्यंत येतच नाही. जावईबापू, तो बुडबुडा सोडा.”

ही साधी गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. ब्रेकच्या दोन्ही टाक्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारे व्हॉल्व्ह असतात. टाकीच्या पुढे गळती असती, तर इंजिन बंद केल्यावर काटा उतरला असता. तीही मोठी असती, तर बहुधा एकाच बाजूचा. काटे स्थिर आहेत आणि तरी हवा भरत नाही, म्हणजे दोष अलीकडे. एक तर कॉम्प्रेसर पुरती हवा देत नाही, नाही तर दिलेली हवा वाटेतच जाते. वाटेत काय आहे? ड्रायर.

“खाली शिरायचं नाही,” पुढचं वाक्य. हे त्यांनी तीनदा सांगितलं. फुग्यांवर उभी असलेली गाडी हवा जाताच एकदम खाली बसते, आणि तिच्या पोटाखाली माणूस मावेल एवढी जागा उरत नाही. चाकांना ठोकळे लावले तरी चेसिसला भक्कम टेकू नसेल तर आत जायचं नाही. मंदार मघाशी खांद्यापर्यंत आत होता, हे मी फोनवर सांगितलं नाही.

आमचा ड्रायर मागच्या चाकाच्या मागे, कडेलाच आहे. इंजिन सुरू ठेवून मी बाहेरूनच हात लांब केला आणि त्याच्या खालच्या तोंडापाशी तळवा धरला. हवेचा झोत लागला, न थांबणारा. इंजिनच्या घरघरीत तो ऐकू येत नव्हता एवढंच. तळव्यावर करडी, तेलकट चिकटी आली.

ते तोंड फक्त हवा पूर्ण भरल्यावर उघडायला हवं. ते कायम उघडं राहायची कारणं दोन. एक, व्हॉल्व्हमध्ये घाण अडकून तो मिटत नाही. दुसरं, कॉम्प्रेसरला ‘थांब’ सांगणारा गव्हर्नर भलत्या वेळी इशारा देतोय. ते ठरवणं मात्र आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. 80 पीएसआयवर गाडी हलली असती, पार्किंग ब्रेकची पिवळी मूठ आत राहिली असती. पण हवा आणखी गेली, की मागच्या चाकांतल्या स्प्रिंगा आपणहून ब्रेक आवळतात. त्या स्प्रिंगांना हवेनेच तर रोखून धरलेलं असतं. पुढच्या सॅन राफाएलच्या चढावर, मागे ट्रकची रांग असताना ते नको होतं.

फिरता मेकॅनिक ग्रँड जंक्शनहून यायचा, म्हणजे शंभर मैल. तोवर आम्ही कलिंगड खाल्लं. ग्रीन रिव्हर कलिंगड-खरबुजांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि आम्ही नेमके हंगामात अडकलो होतो. अर्धं मी एकटीने संपवलं.

मेकॅनिकने आधी गव्हर्नरकडून ड्रायरला येणारी बारीक नळी सोडवली. तिच्यातून हवा आली नाही. म्हणजे गव्हर्नर निर्दोष. मग सगळी हवा सोडून त्याने ड्रायरच्या बुडाचा व्हॉल्व्ह काढला. रबराच्या कडेवर पांढरट भुकटी आणि तेलाचा लगदा बसला होता. ओल शोषणारे ड्रायरमधले दाणे झिजून त्यांची भुकटी झाली होती. त्या दाण्यांचं कार्ट्रिज कधी बदललं, असं त्याने विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधीच्या मालकांनी दिलेल्या जाड फाइलमध्ये फ्रिजची वॉरंटी होती, पडद्याच्या कापडाचा नमुना होता, ही तारीख नव्हती. नवा व्हॉल्व्ह बसला, कार्ट्रिजही बदललं. टाकीच्या तळाची, पाणी सोडायची दोरी ओढली तर दुधाळ पाणी निघालं, चांगलं भांडंभर.

मग परीक्षा. इंजिनला वेग दिला आणि मी फोनवर घड्याळ लावलं. 85 ते 100 हा टप्पा 45 सेकंदांच्या आत यायला हवा. आमचा 31 सेकंदांत आला. 125 ला ‘फुस्स’, थोडी सूं, आणि शांतता. उलटी परीक्षाही केली. इंजिन बंद, चावी चालू, पेडल मारत हवा उतरवायची. 60 च्या वर असतानाच बझर ओरडला, आणि पुढे काटा 40 च्या खाली गेल्यावर पिवळी मूठ टक्कन बाहेर आली.

निघेपर्यंत तीन वाजले. 110 मैलांतला पहिला मोठा चढ लाल-पिवळ्या कातळाच्या भिंतीतून जातो. माझं लक्ष निम्मं कातळाकडे, निम्मं काट्यांकडे. वर एका थांब्यावर मी बाहेर येऊन ड्रायरचा आवाज रेकॉर्ड केला आणि अप्पांना पाठवला. भारतात तेव्हा पहाट व्हायची होती. 110 मैलांपलीकडच्या सलायना गावाला पोचून फोनला रेंज आली, तर त्यांचं उत्तर येऊन पडलं होतं:

“आवाज ठीक. आजची तारीख ड्रायरवर रंगाने लिही. फाइलमध्ये नको.”