गोगलगायी, उजेड आणि रात्रीची परवानगी: माझा अनुभव

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी प्रकल्पाचा विषय घेतला होता, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी उजेडाला कसा प्रतिसाद देतात. गोगलगायी मिळाल्या, काचेची भांडी मिळाली, फिजिक्सवाल्यांनी उजेड मोजायचा लक्स मीटरही दिला. गाइड मॅडम तर पहिल्यापासून पाठीशी होत्या. गाडी अडली ती एकाच ठिकाणी: संध्याकाळी सहानंतर प्रयोगशाळेत थांबायची परवानगी. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पुढे कुणी हा विषय घेतला तर त्यांच्या वाट्याला तीच दगदग येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

जमवाजमवीचं थोडक्यात सांगते. आमच्या गावच्या पाझर तलावात जलपर्णी माजली आहे. तिचं पान उलटं केलं की खाली लिम्निया जातीची गोगलगाय चिकटलेली दिसते. शंख पातळ, टोकदार, आणि शेजारी अंड्यांचे बुळबुळीत, पारदर्शक पुंजके. चपट्या वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस काठाच्या उथळ पाण्यात असते. तिसरी मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलेटा, लांबट मळसूत्री शंखाची. गाळ चाळणीने चाळला की हाती लागते. रबरी हातमोजे घातल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. इंडोप्लॅनॉर्बिसच्या अंगात गुरांच्या शिस्टोसोमा कृमींची वाढ होते आणि तिथून बाहेर पडणारी त्यांची पिल्लं माणसाच्या कातडीत शिरली तर खाज सुटते, पुरळ उठतं. ही पिल्लं बाहेर कधी पडतात, हेही पुष्कळदा उजेडावर ठरतं. म्हणून गोगलगाय स्वच्छ पाण्याच्या छोट्या बाटलीत घालून दिव्याखाली ठेवतात आणि काही तासांनी ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मी प्रयोगाआधी प्रत्येक गोगलगाय अशी तपासून घेतली, कारण कृमी लागलेल्या गोगलगायीच्या वागण्याचा भरवसा नसतो.

आता ऑफिसचं. अर्ज मॅडमच्या आणि विभागप्रमुखांच्या सहीने आत गेला आणि पहिल्याच टेबलावरून परत आला. क्लार्क म्हणाले, "दिवसा पडदे लावून करा की. गोगलगायीला काय कळतंय, दिवस आहे का रात्र?"

कळतं. माझा सगळा प्रकल्पच त्यावर होता. लिम्नियाच्या शिंगांच्या बुडाशी दोन काळे ठिपके असतात, ते डोळे. त्यांना भिंगही असतं. युरोपात ज्या लिम्निया स्टॅग्नॅलिसवर पिढ्यान् पिढ्या संशोधन चाललं आहे, तिच्या कातडीलाही उजेड आणि सावली कळते. तिला रोज 12 तासांऐवजी 16 तास उजेड दिला तर ती जास्त अंडी घालते. म्हणजे दिवस किती लांब आहे, याचाही तिच्या शरीरावर परिणाम होतो. मेलॅनॉइडिस तर दिवसभर गाळात पुरून बसते आणि अंधार पडला की वर येते. तिला फक्त दुपारी, पडदे लावून बघितलं असतं तर "ही जात फारशी हालचाल करत नाही" असं लिहून मी मोकळी झाले असते आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं. शिवाय आमच्या प्रयोगशाळेच्या पडद्यांच्या फटीतून इतका उजेड येतो की लक्स मीटरचा आकडा शून्यावर जातच नाही.

हे सगळं मी टेबलासमोर उभी राहून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाले, अर्जात 'प्रयोजन' सविस्तर लिहा. लिहिलं. मग पालकांचं हमीपत्र मागितलं. बाबांनी शेतातलं काम टाकून येऊन सही केली. मग कळलं की विद्यार्थिनी एकटी थांबू शकत नाही, सोबत महिला कर्मचारी पाहिजे आणि तिचं संमतीपत्र वेगळं लागेल. तेही आणलं. मग सुरक्षा विभागाची सही. ती झाल्यावर फाइल पुढच्या टेबलावर गेली आणि तिथेच राहिली, कारण तपासणी समिती येणार होती आणि अख्खं ऑफिस त्या गडबडीत होतं.

अटींबद्दल माझी तक्रार नाही. रात्री इमारतीत कोण आहे याची नोंद असलीच पाहिजे, आणि सोबत कुणी असणं माझ्याही हिताचं होतं. माझा राग एवढ्यासाठी आहे की या अटी कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. एक पूर्ण केली की दुसरी समोर यायची. पहिल्याच दिवशी एका कागदावर सगळ्या लिहून दिल्या असत्या तर बाबांची मजुरी बुडाली नसती आणि मलाही खेटे घालावे लागले नसते. त्याच इमारतीत केमिस्ट्रीची मुलं रिफ्लक्स (तासन्तास उकळत ठेवायची अभिक्रिया) लावून रात्री उशिरापर्यंत थांबत होती, निव्वळ तोंडी परवानगीवर. मी ते बोलून दाखवलं तर "त्यांचं वेगळं आहे" एवढंच उत्तर मिळालं. काय वेगळं आहे, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

इकडे गोगलगायी काही परवानगीसाठी थांबत नव्हत्या. टाकीत अंडी घातली जात होती, पिल्लं निघत होती, मोठ्या मरत होत्या. थंडी सरली की पाझर तलावाचं पाणी झपाट्याने उतरतं आणि काठची इंडोप्लॅनॉर्बिस मिळेनाशी होते. रात्र रात्र मला त्याच काळजीने झोप लागत नव्हती. (नळाचं पाणी टाकीत थेट ओतू नका, रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. आणि तांब्याचं भांडं अजिबात वापरू नका. तांबं गोगलगायींना मारक असतं.)

शेवटी मार्ग मॅडमनी काढला. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांना विज्ञान नको सांगूस, वेळापत्रक दे." मग एका पानावर तक्ता केला: कोणत्या रात्री, किती ते किती, सोबत कोण, कोणती खोली, कोणते दिवे लागणार, गॅस आणि स्पिरिटचा दिवा वापरणार नाही, किल्ली कुणाकडे राहील. तो तक्ता घेऊन आम्ही दोघी थेट उपप्राचार्यांकडे गेलो. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि सही केली. इतके दिवस जी सही अडली होती, ती मिनिटभरात झाली! जिना उतरताना मला रडू आलं. अर्ज करायचा असेल तर हा तक्ता पहिल्याच दिवशी जोडा, आवक क्रमांक टाकून घ्या आणि शिक्का मारलेली पोच स्वतःजवळ ठेवा. पोच नसेल तर "तुमचा अर्ज आलेलाच नाही" हेही ऐकावं लागतं.

त्यानंतरच्या रात्री म्हणजे माझ्या शिक्षणातला सगळ्यात सुंदर काळ. काचेचं लांबट भांडं, अर्धं काळ्या कागदाने झाकलेलं, गोगलगाय मधोमध. निरीक्षणासाठी मंद लाल दिवा, कारण लाल उजेडाने त्या फारशा बिचकत नाहीत. चालणाऱ्या लिम्नियाची शिंगं चपटी, त्रिकोणी असतात, फुलाच्या दोन पाकळ्यांसारखी. तिच्यावर एकदम हाताची सावली पाडली की शंख खाली पायावर घट्ट ओढला जातो आणि शिंगं आखडतात. थोड्या वेळाने शंखाची कड उचलली जाते, आधी एक शिंग बाहेर येतं, मग दुसरं. पुन्हा पुन्हा सावली पाडत राहिलं तर ती दाद देईनाशी होते. म्हणून दोन सावल्यांमध्ये पुरेसा वेळ सोडा.

या विषयात खरी मेख श्वासाची आहे. लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस फुप्फुसाने श्वास घेतात, त्यासाठी त्यांना अधूनमधून पृष्ठभागावर यावंच लागतं. दिवा वर टांगला असेल तर ती उजेडाकडे आली की हवेकडे, हे सांगता येत नाही. दिवा बाजूने लावा. मेलॅनॉइडिसला कल्ले असतात, तिला हवेसाठी वर येण्याची गरज नसते, म्हणून तुलनेसाठी ती हवीच. दिवा एलईडीचाच घ्या. साध्या बल्बने पाणी तापतं आणि मग आपण उजेडाचा परिणाम मोजतोय की उष्णतेचा, हा घोळ होतो. मी भांड्याच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर ठेवला होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं हेच विचारलं, "उजेडाकडे गेली की हवेकडे?" मी तापमानाचा तक्ता आणि मेलॅनॉइडिसचे आलेख पुढे ठेवले. सर म्हणाले, "बसा, झालं." त्या दोन शब्दांचा मला फार अभिमान आहे.

एक राहिलंच. दर वेळी भांड्याचा तळ पुसून घ्या, कारण गोगलगायी आधीच्या गोगलगायीच्या चिकट वाटेवरून चालतात. आणि रात्री टाकीवर जाळी बांधा, नाहीतर सकाळी त्या भिंतीवर सापडतील.

माझा मंजूर झालेला अर्ज, तो तक्ता आणि हमीपत्राचा मसुदा, सगळ्याच्या प्रती विभागाच्या प्रकल्पांच्या फाइलमध्ये लावून ठेवल्या आहेत. मॅडमकडे मागितल्या की मिळतील.