मिनेसोटा ते ॲरिझोना, ट्रेलर, कुत्रा आणि मांजर घेऊन : हायवे ५४ वर वारा असेल तर निघू नका

कॅन्ससमधल्या लिबरलपासून न्यू मेक्सिकोतल्या टुकमकॅरीपर्यंत सुमारे दोनशे मैल आहेत. आधी त्यांच्याबद्दलच लिहिते, कारण बाकीचा सगळा प्रवास कुणालाही जमेल. या दोनशे मैलांबद्दल मात्र आम्हाला एकानेही धड सांगितलं नव्हतं. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ दहा वर्षं हिवाळ्यात ॲरिझोनाला जातात. त्यांनी नकाशावर बोट फिरवून सांगितलं, "५४ ने जा. घाट नाही, फ्लॅगस्टाफचा बर्फ नाही, सरळ सपाट रस्ता, डोळे मिटून जाल." घाट नाही हे खरं आहे आणि रस्ता सपाटही आहे. पण अडवायला काहीच नसलं की वारा काय करतो, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मोटरहोमने, म्हणजे स्वतःच चालणाऱ्या घर-गाडीने जातात, आमच्यासारखा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, मागे ओढत नाहीत, हेही मला नंतर कळलं.

आमच्याकडे पंचवीस फुटी ट्रेलर आणि तो ओढायला हाफ टन, म्हणजे हलक्या वर्गातली, पिकअप. सोबत बंड्या, म्हणजे बत्तीस किलोचा लॅब्रॅडॉर मिश्र, आणि नऊ वर्षांची मनी मांजर. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिनीॲपोलिसहून निघालो. आय-३५ ने आयोवा, कॅन्सस सिटी, विचिटा, तिथून ५४. विचिटापर्यंत लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

लिबरलहून सकाळी निघताना आकाश निळंशार होतं. आदल्या रात्री थंडीची लाट पुढे सरकून गेली होती, त्यामुळे आम्ही खूश होतो. नेमकी हीच चूक. लाट गेली की तिच्या मागून उत्तरेचा, वायव्येचा वारा येतो. हायवे ५४ इथे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे उतरतो, म्हणजे तो वारा ट्रेलरच्या उजव्या कुशीवर जवळजवळ काटकोनात बसतो. पंचवीस फूट लांब आणि अकरा फूट उंच अशी भिंत तुम्ही वाऱ्यात आडवी धरलेली असते. झाड नाही, टेकडी नाही. गायमन येईपर्यंत नवऱ्याचे हात स्टिअरिंगवर आखडून गेले होते. पुढे स्ट्रॅटफर्ड ते डॅलहार्ट हा तीस मैलांचा पट्टा आला. समोरून गुरांचे ट्रक येतात. ट्रक जवळ आला की आधी त्याच्या पुढची हवा ट्रेलरला बाहेर ढकलते, आणि ट्रक निघून गेला की तो रेटा सुटतो आणि उजवीकडचा वारा एकदम थाडकन बसतो. अशा तिसऱ्या की चौथ्या ट्रकला आमचा ट्रेलर डुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आरशात ट्रेलरचं मागचं टोक समोरच्या लेनमध्ये गेलेलं मला दिसलं. बंड्या मागच्या सीटवर थरथरत होता, मनी पिंजऱ्यात कधी नव्हे त्या आवाजात रडत होती. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

नवऱ्याने ब्रेक दाबला नाही म्हणून आज हे लिहिते आहे. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी बोटाने सरकवली. त्या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, पिकअपचे लागत नाहीत. ट्रेलर मागे ताणला जातो आणि सरळ होतो. ही पट्टी कुठे आहे हे न बघता सापडलं पाहिजे. निघण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये वीस वेळा सराव करा आणि बाजूला बसणाऱ्यालाही शिकवा. ट्रेलर डुलत असताना डुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायला जाऊ नका आणि वेग वाढवून सुटायला तर मुळीच बघू नका.

डॅलहार्टला थांबलो. वारा पडेपर्यंत दोन रात्री तिथेच होतो. फीडलॉटचा, म्हणजे गुरं पोसायच्या गोठ्यांचा, वास ट्रेलरच्या गाद्यांत बसला, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

या प्रसंगात वाऱ्याइतकीच आमचीही चूक होती. आपल्या लोकांनी हे नक्की वाचावं. आमच्या ट्रेलरचं स्वयंपाकघर मागच्या टोकाला आहे. तिथे तांदळाची चाळीस पौंडांची गोण, कणकेच्या दोन पिशव्या, डाळी, दगडाचा वेट ग्राइंडर, बंड्याच्या खाण्याच्या दोन मोठ्या गोण्या, मनीच्या लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या, दोन बादल्या. त्याच्याही मागे, बंपरवर, दोन सायकली. सगळं मिळून चारशे पौंडांच्या आसपास, आणि सगळं ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे. तराजूसारखं आहे. मागे वजन टाकलं की पुढचं टोक उचललं जातं आणि हिचवर, म्हणजे पिकअप-ट्रेलरच्या जोडावर, येणारा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, कमी होतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. टुकमकॅरीला ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. ट्रेलर ६,२०० पौंड, टंग वेट ४८०. म्हणजे आठ टक्केसुद्धा नाही. तिथेच पार्किंगमध्ये तांदूळ, ग्राइंडर, कुत्र्याचं खाणं, लिटर सगळं पुढच्या पलंगाखाली हलवलं, सायकली पिकअपमध्ये टाकल्या, पुन्हा वजन केलं. ७४०. त्यानंतर तोच ट्रेलर, तीच पिकअप, आणि फरक इतका की नवऱ्याचे खांदे खाली आले.

काट्यावर पहिल्या वजनाला पंधरा डॉलरच्या आत-बाहेर लागतात, लगेच पुन्हा केलं तर अगदी थोडे. घरून निघतानाच करा. भार वाटून देणारं वेट डिस्ट्रिब्युशन हिच आणि सोबतचं, डुलणं रोखणारं स्वे कंट्रोल आमच्याकडे होतं. तरीही झालं. हिच विकणारे म्हणतात की हे लावलं की चिंता मिटली. मिटत नाही. सामान चुकीचं भरलं असेल तर हिच काय करणार? टंग वेट वाढवताना पिकअपच्या चालकाच्या दारावरचं पेलोडचं, म्हणजे पिकअप किती वजन पेलू शकते त्याचं, स्टिकरही बघा. त्यात टंग वेट, तुम्ही दोघं, कुत्रा आणि मागच्या सायकली सगळं मोजायचं असतं. हाफ टनमध्ये ते फार लवकर भरतं.

माझा नियम आता असा. आदल्या रात्री नॅशनल वेदर सर्व्हिसचा तासातासाचा अंदाज गावागावाप्रमाणे बघायचा : लिबरल, डॅलहार्ट, टुकमकॅरी. झोत ताशी तीस मैलांच्या वर आणि दिशा आडवी असेल तर निघायचं नाही, पार्कचे पैसे भरून बसायचं. वारा कमी असला तरी उजाडताच निघून दुपारच्या आत पोचायचं, कारण उन्हं चढली की वारा वाढतो. वेग ५५ ते ६०. पाटीवर ७५ लिहिलेलं असतं, ते तुमच्यासाठी नाही. ट्रेलरचे बरेचसे टायर मुळात ६५ साठीच बनवलेले असतात. मागे रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला व्हा. डॅलहार्टला टाकी भरा. पुढे नारा व्हिसा हे नकाशावर गाव दिसतं, पण लोगनपर्यंत पेट्रोलचा भरवसा धरू नका.

आता प्राण्यांचं. चालू प्रवासात दोघंही पिकअपमध्येच, ट्रेलरमध्ये कधीही नाही. बंड्याला सीटबेल्टला अडकवलेला हार्नेस, मनी कडक पिंजऱ्यात आणि पिंजराही बेल्टने बांधलेला. तो झोका बसला तेव्हा पिंजरा जागचा हलला नाही, म्हणून मनी शाबूत आहे. मुक्कामी सगळ्यात मोठा धोका स्लाइड-आउटचा, म्हणजे बटणाने आत-बाहेर सरकणाऱ्या ट्रेलरच्या भागाचा. लिबरलला मनी ओट्याखालच्या फटीतून स्लाइडच्या यंत्रणेत शिरली. कुणी बटण दाबलं असतं तर चिरडली असती. बाहेर काढायला एक तास आणि ट्यूनाचा डबा लागला. तेव्हापासून आधी मांजर पिंजऱ्यात, डोळ्यांनी खात्री, मगच बटण. आणि ती फट आम्ही फळी ठोकून बंद केली.

आयोवा-कॅन्ससमध्ये पाण्याच्या नळ्या विंटराइज केलेल्याच, म्हणजे गोठून फुटू नयेत म्हणून पाणी काढलेल्याच, ठेवल्या. प्यायला-भांड्यांना बाटलीतलं पाणी, टॉयलेटमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रव. हे गुलाबी, प्रोपिलिन ग्लायकॉलचं, त्यातल्या त्यात सौम्य. तरी सांडलं तर पुसा, मांजराला चाटू देऊ नका. गाडीच्या रेडिएटरचं, एथिलिन ग्लायकॉलचं, ते चवीला गोड आणि प्राणघातक. ट्रक स्टॉपवर कुत्र्याला खालच्या डबक्यातलं पाणी चाटू देऊ नका, एकदासुद्धा.

टुकमकॅरीच्या पुढे सँटा रोझा, कॅरिझोझो, अलामोगोर्डो, मग ७० ने लास क्रूसेस. व्हाइट सँड्सला कुत्रा नेता येतो, पट्टा हवा. बहुतेक नॅशनल पार्कमध्ये पायवाटांवर कुत्र्याला बंदी असते, तशी इथे नाही. बंड्या त्या पांढऱ्या वाळूत वेड्यासारखा लोळला. क्षेपणास्त्र चाचणी असली की ७० नंबर रस्ता तासभर किंवा जास्त बंद राहतो, त्या हिशेबाने पाणी जवळ ठेवा. लगेच पुढे बॉर्डर पॅट्रोलची, म्हणजे सीमा गस्त दलाची, चौकी आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे नागरिकत्व नाही त्यांनी ग्रीन कार्ड किंवा व्हिसाची मूळ कागदपत्रं अंगावरच्या पाकिटात ठेवावीत. माझं ग्रीन कार्ड ट्रेलरच्या खणात होतं. बाजूला घेतलं, ट्रेलर उघडायला लावला, आणि त्यांचा कुत्रा व बंड्या एकमेकांवर अखंड भुंकत राहिले. शिपाई सभ्य होता, पण चाळीस मिनिटं गेली. सॅन ऑगस्टिनची खिंड ५,७०० फुटांवर आहे. पलीकडचा उतार खालच्या गियरमध्ये उतरा.

ॲरिझोनातल्या टुसॉनजवळच्या एका आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा ट्रेलर-मोटरहोमच्या तळावर, महिनाभर राहिलो. नाव लिहीत नाही. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात 'पेट फ्रेंडली' आणि महिन्याला ८५० डॉलर. निघताना हातात १,२४० चं बिल आलं. वीज मीटरप्रमाणे १६५. कचरा आणि इंटरनेट ४५. आणि प्राण्यांचे १८० : प्रत्येकी रोज तीन डॉलर. मनीचेसुद्धा! ती महिनाभर ट्रेलरबाहेर पाऊल टाकत नव्हती. शिवाय प्राणीवाल्यांच्या जागा पार्कच्या शेवटच्या ओळीत, रेल्वेलाइनला लागून. रात्री तीनदा-चारदा मालगाडी जाते आणि बंड्या गळा काढतो. कुत्र्यांच्या कुंपणाला महिनाभर कुलूप, "दुरुस्ती चालू". दुरुस्ती करताना एक माणूस दिसला नाही. विचारलं तर काउंटरवरच्या बाईंनी करारातली बारीक ओळ दाखवली. ओळ होती, मी ती वाचली नव्हती.

म्हणून फोनवर हे विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या : वीज दरात धरली आहे की मीटरने, प्राण्याचे पैसे रोजचे की महिन्याचे, मांजराला लागू आहेत का, प्राण्यांची जागा नेमकी कुठे, कुत्र्याच्या जातीवर किंवा वजनावर बंधन आहे का. ट्रेलर दहा वर्षांहून जुना असेल तर तो घेतात का, हेही विचारा. बरेच पार्क घेत नाहीत. आणि ५५ वर्षांखालचे असाल तर वयाची अट आहे का ते. गोड बोलणाऱ्या पार्कपेक्षा सगळे दर आधी तोंडावर सांगणारा पार्क बरा.

तिथून ॲरिझोनातल्याच वाळवंटातलं क्वार्ट्झसाइट. इथे सरकारी जमिनीवर, ला पोसामध्ये, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सगळ्या हंगामाचा परवाना १८० डॉलरला मिळाला. चौदा दिवसांचा ४० ला. मनीचे महिन्याचे नव्वद, आणि इथे सात महिन्यांचे एकशेऐंशी, हा हिशोब मी त्या रात्री कितीदा तरी केला. वीज नाही, नळ नाही. सोलर आणि चांगल्या बॅटऱ्या हव्यात, कारण प्रोपेनची फर्नेससुद्धा पंख्यासाठी बॅटरी खाते आणि रात्री थंड असतात. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला ला पोसा साउथमध्ये सोय आहे, परवान्यातच येते. हाच परवाना युमाजवळच्या इम्पीरियल डॅमलाही चालतो. आमच्यासारखी तयारी असेल तर पार्कवर पैसे उधळू नका, सरळ इथे या.

पण कुत्रा असेल तर तीन गोष्टी. चोया नावाचं निवडुंग : तुकडा नुसत्या स्पर्शाने तुटून चिकटतो. बंड्याच्या पंजात गेला, त्याने तोंडाने काढायला बघितला आणि ओठांत घुसला. हाताने ओढू नका. दोन दातेरी कंगव्यांत धरून उडवा, उरलेले काटे पकडीने काढा. कंगवा आणि पकड फिरताना खिशातच हवी. दुसरं, कोल्ह्यासारखे दिसणारे कायोटी संध्याकाळी अगदी ट्रेलरपर्यंत येतात. मांजर बाहेर नाही म्हणजे नाही, पट्ट्यानेही नाही. तिसरं व्हॅली फीव्हर. इथल्या मातीतल्या बुरशीचे कण उकरणाऱ्या, हुंगणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात जातात. खोकला, सुस्ती, वजन उतरणं, लंगडणं ही लक्षणं काही आठवड्यांनीही दिसतात, म्हणजे तुम्ही घरी पोचल्यावर. मिनेसोटातल्या डॉक्टरांच्या ते चटकन डोक्यात येणार नाही, तुम्हीच सांगायचं की कुत्रा हिवाळाभर ॲरिझोनात होता.

जानेवारीतल्या आरव्ही प्रदर्शनाची गर्दी आणि धूळ मला नकोशी झाली. बाकी दिवस छान गेले.

आता फेब्रुवारी संपत आला आहे. परतीला एप्रिलचा पहिला आठवडा धरलाय, आणि त्या मैदानात वसंत ऋतूत वारा हिवाळ्यापेक्षाही जोरात असतो. म्हणून टुकमकॅरीला एका रात्रीऐवजी चार रात्रींची जागा धरून ठेवली आहे. तिथल्या बाईंना आधीच विचारलंय : मांजराचे पैसे नाहीत.