सोनकाठचा धक्का

बोट जिथे लागते तोही धक्का आणि लागताना बसतो तोही धक्का. मराठीने एका शब्दात दोन्ही का कोंबलं असेल, ते मला तुर्नूच्या नदीकाठी बाकावर बसल्यावर कळलं.

तुर्नू हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं, सहा हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. लियोंहून साध्या गाडीने तासाभरावर. गावाला खेटून जी नदी वाहते तिच्या रोमन स्पेलिंगात अक्षरांची नुसती गर्दी आहे, पण उच्चार अगदी आपल्या तोंडचा: सोन. काठालगत पाण्यावर एक लांब फळ्यांचा पट्टा तरंगतो. पाण्यात रोवलेल्या उंच खांबांना तो कड्यांनी अडकवलेला असतो. नदी चढली की तोही चढतो, उतरली की उतरतो. अशा जागेला तिकडे म्हणतात ‘आल्त नोतीक’. आपल्याकडे रेल्वेचं हॉल्ट स्टेशन असतं ना, तसं हे हौशी नावाड्यांचं हॉल्ट. पाण्याचा नळ, विजेचा खांब, दोर बांधायला लोखंडी खुंट्या. फलाटावर चहावाला मात्र नाही.

नदी अतिशय गरीब. इ.स.पू. 58 मध्ये ज्युलियस सीझरने हिच्या काठी लढाई केली आणि लिहून ठेवलं, की ही इतकी संथ आहे की कुठल्या बाजूला वाहतेय ते नजरेला ठरवता येत नाही. मी एक वाळकं पान टाकून पाहिलं. ते जरा वेळ विचार करत राहिलं, मग दक्षिणेला निघालं. वरच्या अंगाला शालों गावात एक रोमनकालीन शिलालेख सापडलाय, त्यात ‘देवी सूकोना’ म्हणून हिचीच स्तुती आहे. नदीला देवी म्हणणारे आपण एकटेच नाही, याचा मला उगाच आनंद झाला.

तर अशा गरीब देवीवर बोट काठाला लावणं म्हणजे काय अवघड? तीच तर गंमत. फ्रान्समध्ये भाड्याच्या बोटीला परवाना लागत नाही. मालक तासभर शिकवतो आणि दहा-बारा मीटर लांबीचं घर तुमच्या हाती देतो. या घराला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं, आणि तेही आधीपासून.

म्हणून संध्याकाळी पाचनंतर हा बाक म्हणजे नाट्यगृहाची पहिली रांग. नवरा सुकाणूवर तांडेल होऊन उभा, बायको पुढच्या टोकाला दोर घेऊन. दोघांत दहा मीटर अंतर आणि इंजिनाचा आवाज. तो ओरडतो, तिला ऐकू येत नाही; ती हात करते, त्याला दिसत नाही. जर्मन, डच, इंग्रज कुणीही असोत, शब्द कळले नाहीत तरी संवाद पाठ होतात. बोट आडवी होते, आणि मग तो आवाज येतो. धप्प! कडेला टांगलेले रबरी फुगे मध्ये असतात म्हणून निभावतं.

पण धप्प व्हायच्या आतच आधी लागलेल्या बोटींमधून माणसं बाहेर आलेली असतात. हातातला कांदा-सुरी तशीच ठेवून. कुणी हसत नाही, दोर झेलायला हात पुढे करतात. (हसायला आम्ही बाकावरचे आहोतच.)

मागे गावात सेंट फिलिबेरचं जुनं दगडी चर्च आहे. खरं तर मी तेच बघायला आले होते. अटलांटिकच्या नुआरमुतिए बेटावरचे साधू, बोटींतून येणाऱ्या व्हायकिंगांना भिऊन 836 मध्ये आपल्या संताच्या अस्थी घेऊन निघाले. एक मुक्काम, दुसरा, तिसरा असं करत 875 मध्ये इथे पोचले. एकोणचाळीस वर्षं! त्यांचा दोर कुणी झेलला असेल, असा विचार आतल्या जाडजूड खांबांपेक्षा जास्त वेळ माझ्या डोक्यात राहिला.

तो विचार चालू असतानाच माझ्या दिशेने दोर आला. एक छोटी पांढरी बोट, त्यात एक बाई एकट्याच. धक्क्यावर त्या क्षणी दुसरं कुणी नव्हतं. मी धावले, दोर पकडला आणि खुंटीला गच्च गाठ मारली, गोठ्यात गाय बांधतात तशी. शेजारच्या बोटीतले आजोबा आले, माझ्याकडे न बघता गाठ सोडली आणि दोर खुंटीभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून निवांत ठेवून दिला. एका झटक्यात सुटेल आणि एरवी सुटणार नाही, असा.

बाईंनी मग पांढऱ्या वाइनची बाटली काढली. ज्या द्राक्षाची ती होती, त्या शार्दोने नावाचं एक खेडं तुर्नूच्या शेजारीच आहे, हे आजोबांनी दोनदा सांगितलं. एवढ्यात मधून एक मालवाहू जहाज गेलं आणि त्याच्या लाटेने सगळ्या बोटी, धक्का आणि आमचे पेले एकदम हलले.

“तुमची बोट कुठली?” बाईंनी विचारलं.

मी स्टेशनच्या दिशेला बोट दाखवलं.